एका बसला एक थ्रेड

गजू, तेरवी झाली तुझी. मांडवात बसलेला जो तो तुझा स्वभाव किती गरीब होता तेच सांगत होता. तुझे साकोलीचे मामा म्हणाले, "गजाननच्या तोंडातून 'नाही' शब्द कधी निघालाच नाही बाप्पा." मी ताटातली बुंदी चिवडत बसले. इतकी वर्षं एका खोलीत समोरासमोर टेबलं टाकून बसलो आपण, आणि माझ्या वाट्याला तुझं 'नाही' सोडून दुसरं फारसं काही आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण हट्टी माणूस गेला की त्याच्या मागे राहिलेल्या हट्टाचं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

म्हणून लिहिते आहे. चारचौघांत रडणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. तुझ्या बायकोच्या, वैशालीच्या शेजारी बसूनही जमलं नाही, आणि बायका माझ्याकडे बघत होत्या. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि त्याचा निकाल शाळा उघडायच्या आत लावणं भाग होतं. तो कसा लागला ते तुला सांगायला हवं. तू असतास तर म्हणाला असतास, "घाई काय आहे वं?" घाई होती, गजू. घाई नेहमीच होती.

तुला यातलं बरंचसं सांगायची गरज नाही, पण दुसरं कोणी वाचलं तर त्याला कळावं. दुर्गजवळच्या जुनवानीत एका शिलाईवालीच्या दुकानावर आपलं ऑफिस. एक खोली, दोन टेबलं, एक कूलर. शाळेच्या बसमध्ये एक डबी बसवायची. बस कुठं आहे ते ती डबी आपल्या सर्व्हरला कळवत राहते, आणि आईबापांना ते मोबाइलवर दिसतं. पोलाद प्लांटच्या टाऊनशिपमधल्या काही शाळा, दुर्गच्या दोन-तीन, कुम्हारीची एक. मोबाइलचं काम माझं आणि लोकांचे फोन घेणंही माझंच, कारण तू फोनवर खेकसायचास. सर्व्हर तुझा. तुझा म्हणजे पार तुझाच. त्यात मी बोट घातलं की तुझं तोंड असं व्हायचं, जणू मी तुझ्या ताटातली भाकर उचलली.

भांडण सर्व्हरवरूनच. बस एकदा सर्व्हरशी जोडली गेली की लाइन चालूच ठेवते आणि अधूनमधून बोलते. मधल्या वेळात काय करायचं, इथं आपलं घोडं पेंड खायचं. तुझी पद्धत अशी, की प्रत्येक बसमागे एक थ्रेड, म्हणजे सर्व्हरच्या आतला एक माणूसच म्हणा ना. त्यानं त्या एकाच बसचा फोन कानाला लावून बसायचं. ती बोलली की ऐकायचं, लिहून ठेवायचं, परत कान लावायचा. ती गप्प असेल तर यानंही गप्प बसून राहायचं. माझं म्हणणं, इतकी माणसं नुसती बसवून ठेवायची कशाला? एकच ठेवा आणि सगळ्या लाइनी त्याच्यासमोर ठेवा. जी बोलेल तिचं तेवढं ऐकायचं, पुढच्या लाइनीकडे वळायचं, कोणासाठी अडून बसायचं नाही. आमच्या धंद्यात याला नॉन-ब्लॉकिंग म्हणतात. जगात दोन्ही पद्धती चालतात, दोन्हींनी मोठमोठी कामं होतात, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना येडे समजतात. आपल्या दोघांत ते जरा जास्त झालं, इतकंच.

आता वाटतं, हे आपण कॉलेजात शिकलोच नव्हतो. घरून घेऊन आलो होतो. तुझे बाबा प्लांटमध्ये, रोलिंग मिलच्या पुलपिटमध्ये. पुलपिट म्हणजे वरची काचेची केबिन, तिथं लिव्हर धरून बसायचं. तिथला नियम तू मला शंभरदा ऐकवलास: रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. ए शिफ्ट संपली, पोटात कावळे ओरडून राहिले, घरी पाहुणे आले, तरी नाही. बी शिफ्टचा माणूस समोर येऊन 'हाव, बसतो मी' म्हणेपर्यंत नाही. तो आलाच नाही तर डबल करायची. "माल येवो का न येवो, माणूस बसून राहते," तू म्हणायचास. "कावून की माल काही सांगून येत नाही."

माझे बाबा प्लांटच्याच टाइम ऑफिसात, हजेरीच्या खात्यात, बाबू. एक खिडकी, बाहेर ही लांब रांग. ज्याचा कागद तयार त्याचं काम. नसेल त्यानं बाजूला व्हा, पुढचा या. खिडकीवर कोणी घुटमळलेलं त्यांना खपायचं नाही. घरी जेवायला वाढतानासुद्धा आम्हाला तसंच: काय पाहिजे ते लवकर सांगा. आणि आईचं वेगळंच, घरात 'मले-तुले' बोललं की चिमटा. म्हणून तू मला पुण्याची म्हणायचास. पुणं मी अजून पाहिलेलं नाही. तर असे आपण दोघं. भांडायचो सॉकेट आणि मेमरीच्या भाषेत, पण खरं तर तुझा बाप माझ्या बापाशी भांडत होता, आणि ते दोघे जन्मात कधी एकमेकांना भेटले नाहीत.

सिविक सेंटरला गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर एकदा तू कोणत्या थराला गेला होतास, आठवतंय? ठेलेवाला एकटा, भोवती आपण सात-आठ जण द्रोण धरून उभे. तो एकेकाला एकेक गुपचुप देत फिरत होता. मी म्हटलं, "बघ, हा नॉन-ब्लॉकिंग. माणूस एक, गिऱ्हाईकं आठ, आणि उपाशी कोणी नाही."

तू तोंडातलं गिळलंस आणि त्याला म्हणालास, "भैया, मेरे वाले में प्याज डालना. एकदम बारीक काट के. नींबू भी."

तो बिचारा कांदा कापायला लागला. बाकीचे सगळे रिकामे द्रोण धरून ताटकळले. एक बाई तुझ्याकडे अशी बघायला लागली की मीच लाजले.

"पाह्य," तू म्हणालास, "बसला तुझा सर्व्हर."

"कांदा आधीच कापून ठेवायचा असतो, गजू."

"आन् गिऱ्हाईक तुले इचारून मांगते का वं?"

यावरचं उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं. फोन केला तर तू उचलला नाहीस. मुद्दाम उचलला नाहीस. उंटावरचा शहाणा!

एक मात्र मी तुझ्या तोंडावरही म्हणायची, तुझा कोड वाचायला सोपा. वरून खाली, सरळ. बस आली, नाव विचारलं, जागा घेतली, लिहून ठेवली, परत थांबला. काल लागलेल्या माणसालाही कळावं. माझ्या पद्धतीत कोणासाठी थांबायचं नसतं, म्हणून कोणाचं किती ऐकून झालं, कोणाचं वाक्य अर्धंच राहिलं, हे सगळं बाजूला लक्षात ठेवावं लागतं, आणि कोडचे तुकडे तुकडे होतात. "एक ना धड भाराभर चिंध्या," तू म्हणायचास. मग मी तुला त्या दुपारची आठवण करून द्यायची, जेव्हा तुझ्या दोन थ्रेडनी एकमेकांची वाट बघत मुक्काम ठोकला होता. त्याला हवी ती किल्ली याच्या हातात, याला हवी ती त्याच्या. आधी तू सोड, नाही, आधी तू. दोघंही जागचे हलेनात. कारण सापडलं तेव्हा तू कपाळावर हात मारून म्हणालास, "साले लखनौचे निघाले दोघंबी." त्या दिवशी आपण दोघं पोट धरून हसलो होतो.

मग ते कुम्हारीचं झालं. मी वैतागून माझ्या पद्धतीचा एक सर्व्हर लिहिला, आणि तू बऱ्या मूडमध्ये होतास म्हणून कुम्हारीच्या गाड्या त्याच्यावर टाकू दिल्यास. छान चालला. तू त्याच्याकडे सवतीच्या पोराकडे बघावं तसा बघायचास, पण नाव ठेवायला जागा सापडेना. मग शाळेनं मागणी केली, गाडी स्टॉपजवळ आली की आईला एसएमएस गेला पाहिजे. मी तेव्हा नागपूरला मावशीकडे. तू म्हणालास, "टाकतो मी ते, तू लगन खाऊन ये आरामात." टाकलंस. आणि टाकताना तू तुझ्या बाबांचा पोरगा झालास. मिलमध्ये माइकवरून क्रेनवाल्याला काही सांगितलं की तो ते परत म्हणून दाखवत नाही तोवर पुढची हालचाल करायची नाही, अशी रीत. तू एसएमएस पाठवलास, आणि 'पोचला' असं उत्तर येईपर्यंत सर्व्हरला तिथंच उभं केलंस.

तुझ्या सर्व्हरमध्ये याचं काहीच बिघडलं नसतं. एक थ्रेड थांबला असता, बाकीचे आपापलं ऐकत राहिले असते. माझ्याकडे माणूसच एक. तो पोचल्याच्या निरोपाची वाट बघत उभा, आणि कुम्हारीच्या सगळ्या गाड्या मोबाइलवर जागच्या जागी खिळल्या. मला लग्नाच्या पंगतीत फोनवर फोन. एक आई विचारत होती, "मैडम, बस तालाब के पास कब से खड़ी है, कुछ हो तो नहीं गया?" तिचा तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. बस तोवर तिच्या दारात येऊन हॉर्न वाजवत होती.

"तुला थांबायला कोणी सांगितलं होतं?" परत आल्या आल्या मी विचारलं.

"निरोप पोचला का नाही ते पाहाले नोको?"

"पाहा ना! पण सगळ्यांना खोळंबून ठेवून?"

"मंग हे कसलं मशीन वं, ज्याच्यात एक दुसऱ्यासाठी दोन घडी थांबू नाही शकत?"

तू ते खरोखर रागानं म्हणालास. मी पाय आपटत कूलरमध्ये पाणी भरायला गेले. कुम्हारीच्या गाड्या तू परत तुझ्या सर्व्हरवर घेतल्यास, माझा सर्व्हर पडून राहिला. चूक त्या ओळीची होती की पद्धतीची, ते आपण कधीच ठरवलं नाही. त्याच्यानंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा तू 'ओळ चुकली' कधी म्हणाला नाहीस आणि मी 'पद्धत कच्ची' कधी म्हणाले नाही.

तुझं ते थांबणं मी बाहेरही पाहिलंय. माझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू सकाळीच येऊन बाहेरच्या बाकावर बसलास. कोणी बोलावलं नव्हतं. काही काम नव्हतं. डॉक्टर आले, गेले, मी तुला दोनदा म्हटलं की जा आता, तर तू पेपरातलं शब्दकोडं सोडवत मान हलवलीस. माझा भाऊ रायपूरहून येईपर्यंत तू त्या बाकावरून उठला नाहीस. तो आल्यावर त्याला "बस आता तू" म्हणालास आणि निघून गेलास. त्या दिवशी मी तुझ्या थ्रेडबद्दल एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले.

तुझ्या सर्व्हरचं दुखणंही तेच होतं. एखादी गाडी गॅरेजमध्ये जायची, कोणी डबीची तार काढायचं, नाहीतर नेटवर्क जायचं, आणि लाइन 'ठेवते' असं न म्हणताच तुटायची. गाडी परत आली की नवी लाइन जोडायची, तिला नवा थ्रेड मिळायचा. जुना मात्र बंद पडलेला फोन कानाला लावून तसाच बसलेला. असे बसलेले साठत जायचे आणि मशीनला धाप लागायची. उपाय साधा होता: अमुक इतका वेळ कोणी बोललं नाही तर लाइन बंद समजायची. एक ओळ टाकायची होती. तू टाकू दिली नाहीस.

"जो बोलून नाही राहिला तो गेलाच, असं कसं धराचं?"

"अर्धा तास झाला की मी धरते."

"तू धर. मी नाही धरत."

मग मीच रोज सकाळी, गाड्या निघायच्या आत, सर्व्हर बंद करून परत चालू करायची. तू येईस्तोवर सगळं ताजंतवानं. तुला ते माहीत होतं. तू त्यावर कधी बोलला नाहीस, आणि मीही कधी ऐकवलं नाही. आपल्यात एवढी एकच समजूतदार गोष्ट असावी.

या उन्हाळ्यात मोठा घास समोर आला. एका संस्थेच्या सगळ्या शाळा, गाड्या आताच्या कितीतरी पट. मी सांगून टाकलं, तुझा सर्व्हर हा भार पेलणार नाही, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पडला तर आया पोरांसाठी स्टॉपवर उन्हात उभ्या राहतील आणि बस कुठं अडली ते त्यांना कोणी सांगणार नाही. तू ऐकेनास. मोठं मशीन घेऊ म्हणालास, थ्रेड हलके करू म्हणालास, आणि शेवटी म्हणालास, "जून येऊ दे, मंग पाहू. आत्ता डोकं नोको खाऊ, ऊन लय होऊन राह्यलं." आपलं शेवटचं बोलणं ते. तू घरी गेलास, जेवलास, कूलरसमोर आडवा झालास आणि उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. इतकी वर्षं मी तुझं डोकं खाल्लं, आणि दगा दिला हृदयानं.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते: राग आला. अजूनही येतो. सकाळी कुलूप उघडलं आणि तुझं रिकामं टेबल दिसलं की आधी राग येतो आणि मग बाकीचं येतं.

तेरवीनंतर वैशाली ऑफिसात आली, तुझ्या वस्तू न्यायला. तुझी आत वापरायची चप्पल, कान तुटलेला कप, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल. ती तुझ्या खुर्चीत बसली नाही, स्टुलावर बसली.

"संध्याताई," ती तुझ्या टेबलाकडे बघत म्हणाली, "यायचं ते मशीन बंद करसान का आता?"

"पाहते. कावून विचारलं?"

मग तिनं सांगितलं. तू म्हणे लेकीला, ईशाला एकदा लॅपटॉपवर चालू थ्रेड दाखवले होतेस. तिच्या बसच्या थ्रेडवर बोट ठेवून म्हणाला होतास, हा तुझा माणूस, तू घरी येईपर्यंत हा दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. "तिले वाटते, बाबाच बसून राह्यले तिथी," वैशाली म्हणाली. "सातवीत आहे, समजते तिले सगळं. तरी वाटते. तुमाले जे कराचं ते करा, मी काही म्हणत नाही. फक्त सांगून ठेवलं."

तुला काय गरज होती रे? आपल्या वादात पोरीला कशाला ओढलंस? माझ्या पद्धतीत तिला बोट ठेवून दाखवायला असा कोणी माणूस नाही. तिची बस सगळ्यांसारखी एक लाइन. बोलली की ऐकली जाते. काळजी तितकीच घेतली जाते, पण हे सातवीतल्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? वैशाली गेल्यावर मी तुझ्या रिकाम्या खुर्चीला एक शिवी दिली. मोठ्यानं दिली. खालच्या शिलाईवालीचं मशीन दोन क्षण थांबलं.

माझ्यापुढे दोन रस्ते होते. तुझा सर्व्हर ठेवायचा आणि नव्या शाळांना नाही म्हणायचं, म्हणजे ऑफिस आज ना उद्या बंद. नाहीतर तुझा काढून माझा लावायचा, म्हणजे भांडण मी जिंकले. आणि तेच मला नको होतं. हार घातलेल्या फोटोशी वाद जिंकण्यात काय अर्थ? तू समोर बसून, तोंड वाकडं करून, 'बरं, हाव' म्हणायला हवं होतंस. त्या दोन शब्दांसाठी मी इतकी वर्षं घसा कोरडा केला.

तरी माझा सर्व्हर परत लिहायला बसले. दुसरं कोण लिहिणार होतं? प्रत्येक ओळीला तू आडवा येत होतास. हे असं कावून, ते तसं कावून. एसएमएसच्या जागी आले आणि हात थांबला. निरोप पोचला का नाही ते पाहाले नोको? पाहायला पाहिजे, गजू. पाहायलाच पाहिजे. त्या कुम्हारीच्या बाईला तेवढंच तर हवं होतं. मग मी असं केलं: पुढं सगळ्या लाइनींसमोर एकच माणूस, आणि मागं मोजके थ्रेड. ज्या कामाला थांबावंच लागतं ते काम पुढचा त्यांच्याकडे सोपवतो आणि आपण वळतो. मागचे तुझ्यासारखे, काम तडीस जाईपर्यंत उठत नाहीत.

यात नवीन काही नाही. जगभर लोक असंच करतात. हे मला माहीत होतं, तुलाही माहीत असणार. मग आपण का केलं नाही? कारण मी बोट दिलं असतं तर तू हात धरला असतास. आणि तू दिलं असतंस तर मी काय सोडलं असतं?

गप्प लाइन बंद करायची ती एक ओळही टाकली. एवढ्याशा ओळीला मला अख्खी दुपार लागली. टाकायची, पुसायची, उठून पाणी प्यायची, परत टाकायची. शेवटी टाकून ठेवली.

ईशाला मी स्वतः बोलावून दाखवलं. लपवाछपवी नको वाटली. ती तुझ्या खुर्चीत बसली, बिनधास्त, आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, "आंटी, मतलब अब मेरी बस का अलग से कोई नहीं?"

"अलग नाही. सगळ्यांचं एकच जण ऐकतो," मी म्हटलं. "पण बाबांची माणसं मागे ठेवलीत. तू उतरलीस हे मम्मीला कळलं का नाही, ते ती बघतात. कळल्याशिवाय उठत नाहीत."

तिनं थोडा विचार केला. तुझ्यासारखीच खालचा ओठ चावते. मग म्हणाली, "ठीक आहे," आणि वायफायचा पासवर्ड मागितला.

शाळा उघडायच्या आदल्या दुपारी मी तुझा सर्व्हर बंद केला. काही थ्रेड अजून कोणाकोणाचे फोन कानाला लावून बसले होते. मग मी उगाच खिडकी उघडून उभी राहिले. बाहेर नुसती भाजणारी लू वाहत होती.

पहिल्या दिवशी सगळ्या गाड्या निघाल्या, सगळ्या दिसल्या, सगळ्या पोचल्या. दरवर्षी या दिवशी फोन नुसते खणखणायचे आणि आपण दोघं एकमेकांवर ओरडत असायचो. यंदा काहीच नाही. मी टेबलावरची धूळ पुसली, मग तुझ्या टेबलावरची. फोन वाजला तो वैशालीचा.

"ईशाची बस बराबर दिसून राह्यली. मेसेज बी आला," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मंग कोणाचं केलं जी शेवटी? तुमचं का यायचं?"

"माझंच आहे बरंचसं," मी म्हटलं. "त्याचंही ठेवलं. अर्धं म्हण ना."

ती हसली. तू गेल्यापासून तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. "अर्धं तर यायनं बी मानलं होतं तुमचं."

"कधी?"

"लय पयले. कुम्हारीचं ते झालं न, त्याच्यानंतर. जेवता जेवता म्हणे, संध्याचंच बराबर आहे, फक्त थांबाले मांगं दोन-चार माणसं पाहिजे. मी म्हटलं, मंग सांगा न त्यायले. तर म्हणे, सांगतलं तर सांजच्या चहाले काय घेऊन बसू आम्ही?"

मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. नालायक माणसा! तेव्हाच सांगितलं असतंस तर सर्व्हर तेव्हाच नीट झाला असता, रोज सकाळी मला तो बंद-चालू करत बसावं लागलं नसतं. आणि संध्याकाळी आपण दोघं गुपचूप चहा पिऊन आपापल्या घरी गेलो असतो. तू बरोबर ओळखलं होतंस, हेच सगळ्यात वाईट.

आता सर्व्हर बिनबोभाट चालतो. सगळे खूश आहेत, नव्या शाळांचे लोक मला मॅडम मॅडम करतात. संध्याकाळ झाली की मी चहाचं पाणी ठेवते, उकळेपर्यंत बघते, आणि गॅस बंद करून घरी जाते. पडू दे तो सर्व्हर, गजू. रोज पडू दे. तू इथं पाहिजे होतास.